गोएचाला ट्रेक: आठ दिवसांचा की दहा दिवसांचा, आणि सॅक स्वतः वाहावी का?

प्रश्न: रानजाई, नाशिक

नमस्कार. माझे वय ४७ आहे आणि गेली चौदा-पंधरा वर्षे मी सह्याद्रीत नियमितपणे भटकते. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे तर आम्हा नाशिककरांच्या अंगणातलेच. त्याशिवाय राजगड ते तोरणा, अलंग-मदन-कुलंग आणि कोकणात उतरणाऱ्या बऱ्याच घाटवाटा मी दोन-तीन मुक्कामांसह, सगळे सामान पाठीवर घेऊन केल्या आहेत. हिमालयात मात्र अद्याप एकदाही गेलेले नाही. येत्या ऑक्टोबरच्या अखेरीस पश्चिम सिक्कीममधला गोएचाला ट्रेक करावा, असे आम्ही तिघी मैत्रिणींनी ठरवले आहे. कांचनजंगा इतक्या जवळून दिसणारी दुसरी पायवाट आपल्या देशात क्वचितच असेल, एवढेच त्यामागचे कारण आहे. त्यामुळे “आधी एखादा सोपा ट्रेक करा” हा सल्ला घरातून आणि बाहेरून पुरेसा मिळालेला आहे, हे आधीच नम्रपणे नमूद करते.

आमच्यासमोर दोन आयोजकांचे दोन कार्यक्रम आहेत. पहिला आठ दिवसांचा आहे. त्यात पहिल्या दिवशी युक्समला पोहोचायचे, दुसऱ्या दिवशी एका दमात त्शोका, तिसऱ्या दिवशी झोंगरी, चौथ्या दिवशी थानसिंग, पाचव्या दिवशी लामुने, सहाव्या दिवशी पहाटे कांचनजंगा समोर दिसते तो दर्शनबिंदू गाठून परत थानसिंग आणि पुढच्या दोन दिवसांत त्शोकामार्गे खाली युक्सम, अशी आखणी आहे. दुसरा कार्यक्रम दहा दिवसांचा आहे. त्यात युक्सम ते त्शोका हा टप्पा साचेनच्या मुक्कामामुळे दोन दिवसांत विभागलेला आहे आणि झोंगरीला एक पूर्ण दिवस मुक्काम आहे. त्या दिवशी करण्यासारखे काम म्हणजे पहाटे जवळच्या टेकडीवर जाऊन सूर्योदय पाहणे, एवढेच दिसते. दोन्हींच्या शुल्कात माणशी साधारण साडेचार हजार रुपयांचा फरक आहे आणि रजेचे दोन दिवसही वाढतात. आमच्यापैकी एकीचे म्हणणे असे की, आपण दिवसाला वीस-बावीस किलोमीटर सहज चालतो, तर या विश्रांतीच्या दिवसासाठी पैसे का मोजावेत?

दुसरा मुद्दा सॅकचा. दोन्ही आयोजक जादा पैसे घेऊन सॅक जनावरावर लादण्याची सोय देतात. आम्हाला स्वतःची सॅक स्वतः वाहायची सवय आहे आणि, खरे सांगायचे तर, त्याचा थोडा अभिमानही आहे. अंदाजे ११ ते १२ किलो वजन होईल. एवढे वजन घेऊन हा ट्रेक होईल का? आणि वाटाड्या व आयोजक बरोबर असताना आपण स्वतः नेमके काय पारखून घ्यायचे असते? ज्यांनी ही वाट केली आहे त्यांनी कृपया अनुभव लिहावा.

प्रतिसाद १: कातळकडा, पुणे

रानजाईताई, मी या वाटेवर दोनदा गेलो आहे. एकदा एप्रिलमध्ये, तेव्हा झोंगरीवरून परतलो. आणि एकदा नोव्हेंबरमध्ये, तेव्हा दर्शनबिंदूपर्यंत पोहोचलो. त्यामुळे तुमच्या दोन्ही कार्यक्रमांचा नमुना माझ्या अंगावरून गेलेला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आधी एक आकडा पाहा. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. ज्या युक्सम गावातून तुम्ही चालायला सुरुवात करणार, त्या गावाचीच उंची सुमारे १७८० मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच माथ्यावर आपण जेव्हा झेंडा धरून फोटो काढतो, तेव्हा युक्समच्या बाजारापेक्षाही खालीच उभे असतो. पंधरा वर्षांच्या सह्याद्रीने तुमच्या पायांना, गुडघ्यांना आणि धीराला जे दिले आहे ते सगळे तिथे उपयोगी पडेल. पण विरळ हवेबद्दल त्याने तुम्हाला काहीच शिकवलेले नाही, कारण ती हवा त्याच्याकडे नाहीच.

आता वाट पाहू. युक्सम ते साचेन हा टप्पा दाट, ओलसर जंगलातून जातो आणि वाटेत पूल लागतात. पताकांनी भरलेला प्रेक चू नदीवरचा शेवटचा झुलता पूल ओलांडला की बाखिमची आणि पुढे त्शोकाची चढण सुरू होते. ही चढण दमवणारी असली तरी आपल्या ओळखीची आहे. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्या माणसाला तिचे भय वाटू नये. त्शोका ही तिबेटी निर्वासितांची छोटी वस्ती सुमारे ३००० मीटरवर आहे. तिथून फेडांगपर्यंत गुरासच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, जंगलातून, चिखल टाळण्यासाठी आडव्या टाकलेल्या ओंडक्यांवरून वाट जाते आणि पुढे देवराली ओलांडून झोंगरी येते. झोंगरीची उंची सुमारे ४००० मीटर. म्हणजे आदल्या रात्री जिथे झोपलात त्यापेक्षा सरळ हजार मीटर उंचावर तुम्ही दुसऱ्या रात्री झोपणार. पायांच्या हिशेबाने ही चढाई बारी गावातून कळसूबाईला जाण्याहून फार मोठी नाही. म्हणूनच आपल्याकडचे लोक इथे फसतात. दुपारी दोन वाजता हसत-खेळत, इतरांच्या आधी पोहोचलेला माणूस संध्याकाळी डोके धरून तंबूत पडलेला मी पाहिला आहे.

पहिल्या खेपेस आम्ही गेलो तो कार्यक्रम तुमच्या आठ दिवसांच्या कार्यक्रमासारखाच होता. आयोजकाचे नाव लिहीत नाही. युक्समहून एका दिवसात त्शोका, दुसऱ्या दिवशी झोंगरी. आमच्यातला सर्वांत दणकट गडी, जो पुण्यात दर रविवारी सिंहगड धावत चढतो, तो झोंगरीला रात्री जेवला नाही. त्याने आम्हाला “ॲसिडिटी आहे” असे सांगितले आणि आम्हीही ते मानले. पहाटे दोनपर्यंत त्याला तीनदा उलटी झाली आणि लघवीला उठताना तो तंबूच्या दोरीला अडखळून पडला. आमच्याबरोबरचा शहरातून आलेला ट्रेक लीडर “सकाळी पाहू” म्हणाला. युक्समचा स्थानिक वाटाड्या मात्र त्याला अंधारात, विजेरीच्या उजेडात चार पावले चालवून पाहत होता. त्याने लीडरशी वाद घातला नाही; फक्त स्वयंपाक्याच्या हाताखालच्या पोराला उठवले, थर्मासमध्ये पाणी भरले आणि आमच्या मित्राला घेऊन फटफटायच्या आधीच त्शोकाला निघाला. मीही त्यांच्याबरोबर उतरलो. फेडांगच्या खाली आल्यावर मित्राने बिस्किट मागितले आणि त्शोकाला तो भात-डाळ जेवला. ट्रेक आमचा तिथेच संपला. पुढे गेलेले बाकीचे लोक दर्शनबिंदू पाहून आले.

दुसऱ्या खेपेस दहा दिवसांचा कार्यक्रम घेतला. झोंगरीचा तो “रिकामा” दिवस रिकामा नसतो. पहाटे झोंगरी टॉपवर, म्हणजे आणखी दीड-पावणेदोनशे मीटर वर जायचे, कांचनजंगा, काब्रू आणि पांडिम उजळताना पाहायचे आणि परत खाली येऊन झोपायचे. वर चढून खाली झोपण्याचा हा प्रकार शरीराला सर्वाधिक मानवतो. शिवाय त्या दिवशी वाटाड्याला प्रत्येकाकडे नीट पाहायला सवड मिळते. कोण जेवत नाही, कोण गप्प झाला आहे, कोणाच्या बुटाची नाडी दुपारपर्यंत सुटलेलीच आहे, हे चालताना कळत नाही.

आणखी एक गोष्ट आयोजकांच्या पत्रकावरून कळत नाही. झोंगरीनंतर वाट कोकचुरांगकडे उतरते, जे साधारण ३७०० मीटरवर आहे. थानसिंग पुन्हा ३९०० च्या आसपास आणि लामुने सुमारे ४२०० मीटरवर. त्यामुळे झोंगरी ज्याला पचली त्याला पुढचे मुक्काम सहसा जड जात नाहीत. पण जो थानसिंगला आजारी पडला त्याची अवस्था अवघड होते, कारण तिथून खाली जाण्यासाठी कोकचुरांग ते फेडांग ही जंगलातली लांबलचक आडवी वाट चालावी लागते आणि त्या वाटेवर तासन्‌तास उंची फारशी कमीच होत नाही. खरी उंची घटते ती फेडांगनंतर. म्हणून तब्येतीचा निवाडा झोंगरीलाच व्हायला हवा आणि त्यासाठी तिथे एक दिवस हातात हवा. साडेचार हजार रुपये कशाचे, या तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे.

वाटाड्या हवा की नको हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानात परवाना घेऊन, नोंदणीकृत वाटाड्यासहच जावे लागते. १९७७ साली स्थापन झालेल्या या उद्यानाला २०१६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि तो निसर्ग व संस्कृती अशा दोन्ही निकषांवर मिळालेला आहे. युक्समला वनखात्याच्या चौकीवर ओळखपत्राच्या प्रती लागतात. शेकोटी पेटवायला मनाई आहे, आणि सिक्कीममध्ये २०२२ पासून बाटलीबंद पाण्यावर बंदी असल्यामुळे स्वतःच्या दोन बाटल्या हव्यातच.

प्रतिसाद २: भूलतज्ज्ञ, कोल्हापूर

वरच्या प्रतिसादातली घटना वाचून वैद्यकीय बाजू थोडी स्पष्ट करावीशी वाटली.

उंचीवरच्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते, असे सर्रास म्हटले जाते, पण प्रमाण तेच असते, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. ४००० मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ६० टक्क्यांवर येतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून रक्तात जाणारा ऑक्सिजन घटतो. शरीर याला पहिले उत्तर देते ते श्वास वाढवून. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि मेंदू उलट “श्वास आवर” असा निरोप पाठवू लागतो. ही ओढाताण मूत्रपिंडे रक्तातले जादा बायकार्बोनेट, म्हणजे अल्कधर्मी घटक, बाहेर टाकून सोडवतात, पण त्यांना त्यासाठी एक-दोन दिवस लागतात. विरळ हवेची सवय होण्याचा पहिला टप्पा म्हणजे हे काम. ते रोज धावणाऱ्याच्या बाबतीत लवकर होत नाही आणि आळशी माणसाच्या बाबतीत उशिरा होत नाही. तंदुरुस्त माणसाला उलट धोका थोडा अधिकच, कारण तो वेगाने वर पोहोचतो आणि त्रास लपवतो.

म्हणून सर्वमान्य संकेत असा आहे की ३००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. त्शोका ते झोंगरी हा टप्पा हा संकेत सरळ मोडतो. मधे मुक्कामाला सोयीची जागा नसल्यामुळे बहुतेक आयोजकांचा इलाजही नसतो. मात्र मोडलेला संकेत दुसऱ्या दिवशी झोंगरीला थांबून काही अंशी भरून काढता येतो. आठ दिवसांच्या कार्यक्रमात तो एकदा आदल्या दिवसाच्या घाईने आणि एकदा थांबा न घेतल्याने, असा दोन्ही बाजूंनी मोडला आहे.

डोकेदुखी आणि त्याबरोबर मळमळ, भूक मरणे, गळून जाणे किंवा चक्कर यांपैकी काही असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा. ॲसिडिटी, उन्हाचा त्रास, प्रवासाचा शीण ही आपली आवडती निदाने त्या उंचीवर बाजूला ठेवावीत. सौम्य त्रासात त्याच उंचीवर थांबणे, पाणी पीत राहणे आणि डोकेदुखीची साधी गोळी घेणे पुरते. त्रास असताना आणखी वर जाऊन झोपायचे मात्र नाही. स्वस्थ बसल्यावरही धाप लागणे, खोकला वाढत जाणे ही फुप्फुसात पाणी होऊ लागल्याची चिन्हे आहेत. बोलण्यात असंबद्धता, वागण्यात बदल आणि चालताना झोकांड्या जाणे ही मेंदूला सूज येत असल्याची चिन्हे आहेत. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगणे ही त्याची सर्वांत साधी परीक्षा. त्या वाटाड्याने अंधारात केले ते नेमके हेच. यांपैकी काहीही दिसले की उतरणे हाच उपचार आहे. ऑक्सिजन आणि औषधे ही उतरण्याला मदत म्हणून वापरायची असतात.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, याविषयी दोन टोकाचे गैरसमज आढळतात. एक, ते घेतले की हवे तितके वेगाने चढता येते. दुसरा, ते त्रास लपवते. दोन्ही चूक. मूत्रपिंडांचे वर सांगितलेले काम ते लवकर सुरू करून देते, इतकेच. प्रतिबंधासाठी सर्वसाधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवीला होणे हे अपेक्षित परिणाम आहेत. सल्फा गटाच्या औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. झोपेच्या गोळ्या आणि मद्य दोन्ही वर्ज्य, कारण रात्री श्वास आधीच मंदावलेला असतो. तिथे झोपेत श्वास मधेच थांबून पुन्हा जोराने सुरू होतो आणि शेजारचा घाबरून जागा होतो. तेवढ्यावरून मात्र घाबरण्याचे कारण नाही.

रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारे, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सगळेच बाळगतात. थंड बोटांवर ते वाटेल ते आकडे दाखवते आणि ८५ आकडा असलेला माणूस मजेत जेवताना, तर ९० आकडा असलेला ओकताना आढळतो. आकड्याआधी माणसाकडे पाहावे.

प्रतिसाद ३: पाठीवर बिऱ्हाड, ठाणे

माझे मत थोडे वेगळे आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांत सॅकचा प्रश्न बाजूला राहिला आणि मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण आपले सामान आपण वाहण्यातला आनंद खोटा नाही. मी स्वतः ही वाट पूर्णपणे पाठीवर सामान घेऊन केली आहे. मात्र दहा दिवसांच्या कार्यक्रमात केली, हेही सांगितले पाहिजे.

११-१२ किलो हा आकडा माझ्या मते जास्त आहे. अशा ट्रेकमध्ये तंबू, स्लीपिंग बॅग, शिधा आणि भांडी आयोजकांकडे असतात. सह्याद्रीत आपण जे पातेले, तांदूळ, कांदे-बटाटे आणि दोर घेऊन हिंडतो ते इथे नाही. मग १२ किलो भरते कशाने? माझ्या पहिल्या सॅकमध्ये चार पँट आणि सात टी-शर्ट होते. प्रत्यक्षात चालण्याचे दोन जोड, झोपण्याचा एक कोरडा जोड जो काहीही झाले तरी दिवसा घालायचा नाही, पिसांचे जाकीट, एक फ्लीस, पावसाचा कोट, लोकरी मोज्यांचे तीन जोड, हातमोजे आणि कानटोपी एवढ्यावर भागते. ५० लिटरची सॅक स्वतःच दोन किलोच्या आत असावी. पाणी दोन लिटर, म्हणजे दोन किलो. असे करत आठ-साडेआठ किलोत सगळे बसते. कमरपट्टा घट्ट बांधून वजन खांद्यांवरून कमरेवर घेण्याची सवय नसेल तर आतापासून लावून घ्या. आपल्याकडे तो पट्टा बहुतेकांचा लोंबतच असतो.

आता जनावरांविषयी. तिथे सामान वाहतात ते मुख्यतः झो, म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातले जनावर. तुम्ही सॅक स्वतः घेतली तरी तंबू आणि शिधा त्याच्याच पाठीवर असणार, त्यामुळे “आम्ही सगळे स्वतः वाहिले” हा अभिमान तसाही अर्धाच राहतो. मधला मार्ग असा की तिघींनी मिळून एकच सॅक जनावरावर द्यावी, जड कपडे तीत भरावेत आणि प्रत्येकीने पाच-सहा किलो पाठीवर ठेवावे. पण पावसाचा कोट, जाकीट, पाणी, औषधे, विजेरी आणि थोडे खाणे हे कधीही जनावरावर जाऊ देऊ नका. झो मागे राहतो, वाट बदलतो, कधी बसूनही जातो. लामुनेहून पहाटे निघताना तर मोठी सॅक कोणीच नेत नाही.

गुडघ्यांसाठी दोन काठ्या घ्या. चढण आठवडाभर पुरवून-पुरवून येते, पण उतरण शेवटच्या दोन दिवसांत सगळी एकदम वसूल होते.

रानजाई, नाशिक

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही तिघींनी हे सगळे एकत्र बसून वाचले. युक्सम कळसूबाईपेक्षा उंच आहे, या वाक्यावर आमची वादावादी संपली. आठ दिवसांचा कार्यक्रम रद्द केला आहे. दहा दिवसांच्या आयोजकाशी बोलण्यापूर्वी त्यांना नेमके काय विचारावे, हे कोणी सांगू शकेल का? “अनुभवी लीडर, सर्व सुरक्षा साधने” असे सगळ्यांच्याच पत्रकावर असते. आणि आमच्यापैकी एकीला सल्फाची ॲलर्जी आहे, तर तिने काय करावे?

प्रतिसाद २: भूलतज्ज्ञ, कोल्हापूर

ॲलर्जी नेमकी कोणत्या औषधाने आणि किती तीव्र आली होती, यावर उत्तर अवलंबून आहे. त्यांनी ते तपशील घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटावे. तीव्र प्रतिक्रिया आलेली असेल तर हे औषध घेऊ नये. औषधाविना जाणाऱ्याला वेळ हेच औषध असते. जमल्यास त्शोकालाही एक जादा दिवस मागा. एक दिवस वाढवून देण्याची तयारी आयोजक दाखवतात की नाही, यावरूनही पुष्कळ कळेल.

प्रतिसाद १: कातळकडा, पुणे

मी दुसऱ्या खेपेस विचारलेले प्रश्न आठवतात तसे लिहितो. एक जण आजारी पडून खाली जाऊ लागला तर त्याच्याबरोबर कोण उतरणार आणि मग वर राहिलेल्यांबरोबर कोण असणार? म्हणजेच, एकूण किती माणसांमागे किती वाटाडे आहेत? “सगळे जण बरोबरच परततात” असे उत्तर आले तर तो आयोजक सोडा. वर जायचे की नाही याचा शेवटचा शब्द कोणाचा: लीडरचा, स्थानिक वाटाड्याचा, की पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाचा? ऑक्सिजनचे सिलिंडर कुठपर्यंत येते? आमच्या पहिल्या खेपेला ते होते, पण मागून येणाऱ्या जनावरावर होते आणि झोंगरीला ते रात्री आठ वाजता पोहोचले. संपर्काचे साधन काय? युक्समच्या वर मोबाइलवर विसंबता येत नाही.

आणखी एक विचारा: गोएचाला म्हणजे नेमके कुठपर्यंत? खरी खिंड ४९०० मीटरच्या पुढे आहे, पण बहुतेक ट्रेक पहिल्या दर्शनबिंदूपर्यंतच, म्हणजे सुमारे ४६०० मीटरपर्यंत जातात. यात फसवणूक नाही. समिती सरोवराच्या वरून तिथे पोहोचल्यावर कांचनजंगेची ८५८६ मीटरची भिंत समोर असते आणि कोणालाही पुढे जायचे सुचत नाही. पण घरून निघताना हे माहीत असलेले बरे, नाहीतर तिथे पहाटे पाच वाजता कुडकुडत वाद घालणारे लोक भेटतात.

चालण्याविषयी एकच सांगतो. तिथले वाटाडे नेपाळीत “बिस्तारै, बिस्तारै” म्हणत राहतात, म्हणजे हळूहळू. सुरुवातीला त्याचा राग येतो. बोलता-बोलता चालता येईल इतकाच वेग ठेवा. वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला आहे असे समजा.

प्रतिसाद ४: तीस्ताकाठ, सिलिगुडी

नोकरीनिमित्त काही वर्षे इथे आहे, म्हणून प्रवासापुरते लिहितो. बागडोगरा विमानतळ किंवा न्यू जलपायगुडी स्थानकापासून युक्सम साधारण दीडशे किलोमीटर आहे, पण जोरेथांग आणि ताशिडिंगमार्गे पोहोचायला सहा-सात तास सहज लागतात. तीस्तेच्या काठाने जाणारा राष्ट्रीय महामार्ग १० दरडींमुळे वरचेवर बंद होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटून तीस्तेला जो पूर आला, त्यात या रस्त्याची मोठी हानी झाली आणि तेव्हापासून तर पाऊस झाला की आधी चौकशी करूनच निघावे लागते. दार्जिलिंगच्या बाजूने जोरेथांगला उतरणारा रस्ता पर्याय म्हणून आहे, पण तो तीव्र उताराचा आहे. परतीचे विमान ट्रेक संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी घेऊ नका. मधे किमान एक दिवस ठेवा.

इथे ऑक्टोबरअखेर संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधारू लागते. महाराष्ट्रातून आलेले लोक घड्याळाच्या सवयीने दुपारी निवांत बसतात आणि मग मुक्कामाआधीच त्यांना विजेऱ्या काढाव्या लागतात. पाऊस संपून आभाळ स्वच्छ झालेले असते, पण त्यामुळेच रात्री कडाका असतो आणि लामुनेला पारा शून्याच्या खाली जातो. बॅटऱ्या आणि पाण्याची बाटली दोन्ही झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्या.

रानजाई, नाशिक

आज आयोजकांशी बोलले. शेवटचा शब्द कोणाचा, या प्रश्नावर ते थोडा वेळ थांबले आणि मग त्यांनी त्यांच्या युक्समच्या मुख्य वाटाड्याशीच बोलणे करून दिले. त्याने माझे वय किंवा ट्रेक किती केले हे विचारलेच नाही. “दीदी, झोंगरीला डोके दुखले तर मला सांगाल ना?” एवढेच त्याने हिंदीत दोनदा विचारले. बारा जणांमागे तीन वाटाडे आणि एक लीडर असे प्रमाण आहे, ऑक्सिजन लीडरच्या बरोबर असतो आणि त्शोकाला जादा दिवस द्यायला ते तयार आहेत. त्यामुळे आमचा कार्यक्रम आता अकरा दिवसांचा झाला आहे आणि परतीचे तिकीट त्यानंतर दोन दिवसांनी काढले आहे.

तिघींत मिळून एक सॅक झोच्या पाठीवर देणार आहोत. माझी सॅक काल वजनकाट्यावर ठेवली. पाण्यासह सहा किलो तीनशे ग्रॅम भरली. त्यातून कोणता एक टी-शर्ट काढावा, यावर सध्या घरात चर्चा सुरू आहे.